पहिली वर्षं बाकावर गेली, तरी खेळाडू महान कसा ठरतो?

कुडाळच्या बाजूला आमच्या गावात पोरं क्रिकेट आणि कबड्डीच जास्त खेळतात, पण कॉलेजच्या मागे एक सिमेंटचं कोर्ट आहे तिथे संध्याकाळी पाच-सहा जण बास्केटबॉल घेऊन असतात, आणि जूनमध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची फायनल लागली की हीच पोरं सकाळी सहाला मोबाईल घेऊन बसतात. तिकडे रात्रीचे साडेआठ, आपल्याकडे सकाळचे सहा, बाहेर मिरगाचा पाऊस आणि लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. मॅच संपली की दिवसभर वाद. कोण ग्रेट, कोणाची लेगसी केवढी, कोण उगाच डोक्यावर बसवलाय. माझा भाचा त्यातलाच, त्याने परवा विचारलं, "मामा, ह्या कोबीची पयली दोन वर्सां बाकार बसान गेली, मगे तो येवढो मोठो कसो झालो?"

कोबी म्हणजे कोबी ब्रायंट, एनबीएतला गाजलेला खेळाडू. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाहीये, म्हणून नीट लिहितोय, बास्केटबॉल न बघणाऱ्यालाही कळेल असं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुरुवात स्लो झाली म्हणून खेळाडूच्या नावाला फारसा धक्का बसत नाही, पुढची वर्षं भरपूर मिळाली तर. नुकसान होतं ते पुढची वर्षं पण कापली गेली तर, आणि सगळ्यात जास्त नुकसान ज्यांचं होतं त्यांची नावं आपल्याला माहीतच नसतात.

लेगसी म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. खेळाडू रिटायर झाल्यावर लोक त्याला मोजतात तेव्हा एकच गोष्ट मोजत नसतात. एक असते बेरीज, आयुष्यभरात किती पॉइंट, किती असिस्ट (म्हणजे ज्या पासवर साथीदार लगेच पॉइंट करतो तो पास), किती मॅच. दुसरं म्हणजे ऐन भरातली वर्षं, त्या दोन-चार वर्षांत जगात त्याच्या तोडीचा कोणी होता का. तिसरं टायटल, टीमने किती वेळा जिंकलं आणि त्यात ह्याचा हात किती. आणि चौथं कुठल्याच तक्त्यात मिळत नाही, लोकांच्या डोक्यात काय राहिलं ते. स्लो सुरुवातीचा फटका ह्या चौघांना सारखा बसत नाही. बेरजेला थेट बसतो, ऐन भरातल्या वर्षांना बसायचा प्रश्नच नाही, आणि टायटलचं म्हणाल तर कधी बसतो, कधी नाही आणि एका खेळाडूच्या बाबतीत तर चक्क फायदा झालाय, तो किस्सा पुढे येईल.

मालवणचा एखादा ट्रॉलरवाला घ्या. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टपासून समुद्रात जायला मोकळीक, पण ऑगस्टमध्ये वारं लागलं तर महिनाभर बोट बंदरातच बांधून. त्या महिन्याची मासळी गेली ती गेलीच, मेअखेर हिशोबाला बसल्यावर तेवढी कमी दिसणारच. पण पुढे सुरमई-बांगडा चांगला लागला तर तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, कोणी ऑगस्टचं विचारत नाही. कंबरडं मोडतं ते ऑगस्ट पण गेला आणि वर मार्चमध्ये इंजिन बसलं तर.

आता कोबी ब्रायंट. एनबीएमध्ये दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे नवीन पोरांना टीम्स पाळीपाळीने उचलतात. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये कोबी तेराव्या नंबरवर गेला, शार्लटने उचलला आणि व्लादे दिवात्सच्या बदल्यात लेकर्सला दिला. शाळेतून थेट आलेला पोरगा. पहिल्या सिझनला ७१ मॅच, मॅचला सरासरी ७.६ पॉइंट. दुसऱ्या सिझनला ७९ मॅच आणि १५.४, पण त्यातली एकच मॅच सुरुवातीच्या पाचात, बाकी सगळ्या राखीव म्हणून. एकूण वीस वर्षं एकाच टीममध्ये खेळून २०१६ ला रिटायर झाला तेव्हा नावावर ३३,६४३ पॉइंट, ५ टायटल आणि एक एमव्हीपी, २००८ चा. एमव्हीपी म्हणजे त्या सिझनचा सर्वोत्तम खेळाडू.

मग त्या दोन वर्षांत किती गेलं? हे गणित मी भाच्याला वहीत करून दाखवलं. पहिल्या दोन सिझनला मिळून १५० मॅच आणि साधारण १,७५० पॉइंट. त्याची आयुष्यभराची सरासरी मॅचला २५, त्या दराने १५० मॅचचे होतात ३,७५०. म्हणजे तूट झाली साधारण दोन हजारांची. ते दोन हजार त्याला फुकट देऊन टाका, तरी एकूण होतात ३५,६०० च्या आसपास. तो रिटायर झाला तेव्हा त्याच्या पुढे दोघंच होते, करीम अब्दुल-जब्बार ३८,३८७ वर आणि कार्ल मलोन ३६,९२८ वर. म्हणजे तूट धरून तिसरा आणि तूट भरून काढली तरी तिसराच! दोन आख्खी वर्षं बाकावर घालवून नंबरात एका जागेचाही फरक नाही. भाचा वहीकडे बघतच राहिला, मला पण पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा असंच झालं होतं, कारण आपल्याला वाटतं दोन वर्षं म्हणजे केवढं नुकसान, पण वीस वर्षांच्या कारकिर्दीत ती बेरजेच्या कडेला पडतात.

अजून एक, ७.६ हा आकडा नुसता बघायचा नाही. त्या वर्षी त्याला मॅचमध्ये साडेपंधरा मिनिटंच मिळत होती, मॅच असते ४८ मिनिटांची आणि मोठा खेळाडू ३५-३६ मिनिटं तरी खेळतो. त्याच वेगाने ३६ मिनिटं खेळला असता तर सतराच्या वर पॉइंट झाले असते. अठरा वर्षांच्या पोराला. लोक सरासरी बघतात आणि मिनिटांचा कॉलम बघतच नाहीत, निम्मे वाद तिथेच मिटतील.

पण आकडे बाजूला ठेवा, मला त्या पहिल्या वर्षातली एकच मॅच महत्त्वाची वाटते. मे १९९७, युटाविरुद्ध प्लेऑफची पाचवी मॅच, हरलो तर घरी अशी. लेकर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू शकील ओनील फाउल होऊन बाहेर, दुसरे अनुभवी एक जखमी आणि एक मैदानाबाहेर काढलेला, आणि बॉल शेवटी आला ह्या पोराच्या हातात. वेळ संपताना त्याने शॉट मारला, एअरबॉल. एअरबॉल म्हणजे बॉल रिंगला नाही, बोर्डला नाही, जाळीला पण लागला नाही, नुसता हवेतून खाली. मॅच ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेली. तिथे त्याने तीन थ्री-पॉइंटर (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारले आणि तिन्ही एअरबॉल. एकूण चार, आख्खी अमेरिका टीव्हीवर बघत असताना, समोरचं पब्लिक ओरडतंय आणि अठरा वर्षांचा पोरगा परत परत बॉल मागून घेतोय. लेकर्स हरले, सिझन संपला.

कोबी जर पुढे साधारण खेळाडू निघाला असता तर हे चार एअरबॉल त्याच्या नावापुढे कायमचे चिकटले असते, 'अंगावर आल्यावर फाटली' असं लोक म्हणाले असते. पण पाच टायटल आल्यावर त्याच चार शॉटची गोष्ट लोक अगदी उलट्या सुरात सांगतात, की बघा, तेव्हासुद्धा शॉट घ्यायला घाबरला नाही. मॅच तीच, शॉट तेच. सुरुवातीची वर्षं कशी होती हे शेवटची वर्षं ठरवतात, हे बोलायला विचित्र वाटतं पण लोकांच्या डोक्यात तसंच चालतं, खेळात तरी.

आणि कोबीची सुरुवात 'स्लो' होती हेच मुळात मला पूर्ण पटत नाही. करीम अब्दुल-जब्बारला बघा. तो एनबीएमध्ये आला १९६९ ला, कॉलेजची चार वर्षं पूर्ण करून, वय २२. आला तोच २८.८ च्या सरासरीने. लोक म्हणतात बघा पहिल्या दिवसापासून राजा. पण करीम अठरा-एकोणीस वर्षांचा असताना कुठे होता? कॉलेजात, एनबीएच्या तक्त्यात त्याचं नावच नव्हतं. कोबी त्या वयात जगातल्या सगळ्यात कठीण लीगमध्ये सात-आठ आणि नंतर पंधरा पॉइंट करत होता. एकाची शिकायची वर्षं तक्त्यात दिसतात आणि दुसऱ्याची कॉलेजात झाकली गेली, इतकंच. २००६ च्या ड्राफ्टपासून एनबीएने १९ वर्षांची अट घातली त्यामुळे शाळेतून थेट येणं बंद झालं, तेव्हापासून ही तुलना थोडी सरळ झाली. म्हणून दोघांची सुरुवात ताडून बघायची असेल तर 'पहिलं वर्ष' न बघता 'वय' बघायचं.

हे आपल्याला क्रिकेटमधून लगेच कळेल. सचिन १९८९ ला सोळाव्या वर्षी आला आणि वन-डेमधलं पहिलं शतक त्याने केलं १९९४ ला, ७९ व्या मॅचमध्ये! आज एखाद्या बॅट्समनने ७८ मॅचमध्ये शतक केलं नाही तर त्याला टीममध्ये कोण ठेवेल सांगा. त्याच वर्षी ऑकलंडला त्याला ओपनिंगला पाठवलं, ४९ बॉलमध्ये ८२, आणि तिथून पुढे वन-डेत ४९ शतकं. त्या पहिल्या पाच वर्षांची आठवण कोणी काढतं का? उलट रोहितचं बघा, वन-डेत आला २००७ ला, टेस्ट मिळाली नोव्हेंबर २०१३ ला. २०१० ला नागपूरला टेस्ट खेळणारच होता तर मॅचच्या दिवशी सकाळी पाय मुरगळला. शेवटी ६७ टेस्ट, ४,३०१ रन, १२ शतकं. वन-डेतला रोहित आणि टेस्टमधला रोहित ह्यांची उंची वेगळी राहिली त्यात ह्या सहा वर्षांचा वाटा नक्की आहे असं मला वाटतं. तो मंद नव्हता, त्याला जागाच उशिरा मिळाली, आणि पुढे पंधरा वर्षं टेस्ट खेळायला शिल्लक राहिली नव्हती.

म्हणून सुरुवात स्लो का झाली ते विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. वय कमी होतं म्हणून? पुढे मोठा खेळाडू उभा होता म्हणून? दुखापत होती? की खरंच तेवढा दम नव्हता? पहिल्या वर्षाच्या आकड्यावरून हे चार प्रकार वेगळे करताच येत नाहीत, आणि ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २०१३ चा ड्राफ्ट. पहिल्या नंबरवर क्लीव्हलंडने अँथनी बेनेटला उचललं, त्याची पहिल्या सिझनची सरासरी ४.२. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या नंबरवर मिलवॉकीने ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा एक काटकुळा अठरा वर्षांचा पोरगा घेतला, त्याची सरासरी ६.८. दोन्ही आकडे फुसके. पण बेनेट चार सिझनमध्ये एनबीएच्या बाहेर आणि तो काटकुळा पोरगा म्हणजे यानिस अँटेटोकुंपो, २०१९ आणि २०२० चा एमव्हीपी, २०२१ च्या फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये ५० पॉइंट मारून टायटल घेऊन गेला.

इथे अपेक्षेचा पण भाग आहे. पहिल्या नंबरवाल्याकडून लोकांना पहिल्या दिवसापासून सगळं हवं असतं, बेनेटला तर क्लीव्हलंडने एका वर्षात दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. पंधराव्या नंबरवाल्याकडे कोणी बघतच नसतं, त्याला शांतपणे वाढता येतं. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचं जे सुरुवातीचं काँट्रॅक्ट असतं ते चार वर्षांपर्यंत जातं, त्यातली शेवटची दोन टीमच्या मर्जीवर. म्हणजे वाट बघायची सोय त्यांच्या पद्धतीतच आहे, पण ती वाट खरंच बघितली जाते का हे नंबरावर आणि टीमच्या धीरावर.

स्टीव्ह नॅशबद्दल मला जास्त लिहायचंय कारण तो माझा लाडका. कोबीच्याच ड्राफ्टमधला, पंधरावा, फीनिक्सने घेतला. पहिल्या वर्षी सरासरी ३.३ पॉइंट. पुढे पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा, म्हणून केविन जॉन्सन उभा, त्याच सिझनमध्ये वर आणखी जेसन किड आला. आता सांगा, ह्या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या पोराने करायचं काय? १९९८ ला डॅलसला गेला, तिथे पण सुरुवातीला जम बसला नाही. पहिल्यांदा ऑल-स्टार झाला, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक मोठ्या खेळाडूंत आला, तेव्हा वय २८! २००४ ला परत फीनिक्स, आणि २००५ आणि २००६ असे लागोपाठ दोन एमव्हीपी, म्हणजे वय ३१ आणि ३२, ज्या वयात बहुतेक गार्ड उतरणीला लागलेले असतात. रिटायर होताना १०,३३५ असिस्ट, तेव्हा तिसरा नंबर. इथे पण तेच गणित करा. पहिल्या दोन सिझनच्या साधारण १४० मॅचमध्ये त्याचे असिस्ट चारशेच्या आसपास. मॅचला दहा धरले तर हजारभर वाढतात, ११,३०० होतात, आणि तेव्हा दुसऱ्या नंबरवर असलेल्या किडचे होते १२,०९१. परत तिसराच.

मग नॅशबद्दल लोक अजून नाक का मुरडतात, दोन एमव्हीपी असून? कारण त्याच्याकडे टायटल नाही. आणि मला वाटतं स्लो सुरुवातीचा खरा तोटा त्याला इथे झाला. त्याचा बहर आला तिशीच्या तोंडावर, त्यामुळे टायटलसाठी झटायला त्याला मिळाली सात-आठ वर्षं, कोबीला मिळाली पंधरा. टायटल ही गोष्ट नशिबाची, टीमची, समोरच्याच्या दुखापतीची पण असते, जेवढ्या वेळा दारात जाल तेवढे चान्स जास्त. नॅश कमी वेळा गेला. हे त्याच्या खेळाचं माप अजिबात नाही, आणि फक्त टायटल मोजून त्याला खाली ढकलणाऱ्यांशी मी कधीच सहमत होणार नाही.

आणि आता स्टेफन करी, मघाशी म्हटलं तो किस्सा. २००९ ला सातव्या नंबरवर गोल्डन स्टेटने घेतला. पहिलं वर्ष चांगलंच गेलं, पण मग उजवा घोटा. मुरगळतोय, ऑपरेशन होतंय, परत मुरगळतोय. २०११-१२ च्या सिझनमध्ये तर फक्त २६ मॅच. लोक म्हणायला लागले ह्याचे पाय काचेचे आहेत. तेवढ्यात नवीन काँट्रॅक्टची वेळ आली आणि ऑक्टोबर २०१२ ला त्याने सही केली चार वर्षांसाठी ४.४ कोटी डॉलरवर. आपल्याला हा आकडा अफाट वाटतो, पण तिकडच्या मोठ्या खेळाडूंच्या मानाने स्वस्त, आणि स्वस्त झाला तो घोट्यामुळे.

एनबीएमध्ये प्रत्येक टीमच्या पगारावर मर्यादा असते, त्याला सॅलरी कॅप म्हणतात. एकाला कमी दिला तर दुसऱ्याला द्यायला उरतो. करी २०१५ ला एमव्हीपी झाला, टायटल आलं, २०१६ ला परत एमव्हीपी आणि तो पण एकमताने, आणि हे सगळं त्या जुन्या स्वस्त काँट्रॅक्टवर! २०१६ च्या उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या कराराचा पैसा आला आणि कॅप सात कोटींवरून एकदम ९.४ कोटी डॉलरवर गेली, करीचा पगार मात्र साधारण १.२ कोटीच, आपल्याच टीममध्ये पगारात चौथा. त्या जागेत त्यांनी केविन ड्युरंटला आणलं आणि २०१७, २०१८ अशी दोन टायटल घेतली. म्हणजे घोटा दुखला, म्हणून काँट्रॅक्ट स्वस्त झालं, म्हणून जागा उरली, म्हणून ड्युरंट आला. कॅप तेव्हा वाढली नसती तर हे जमलं नसतं हे खरंच, पण करीचा पगार मोठा असता तरी जमलं नसतं. ज्या दुखापतीने त्याची सुरुवात खाल्ली तिनेच पुढे त्याच्या टायटलना हात दिला. २०१७ ला त्याला पाच वर्षांसाठी २०.१ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट मिळालं, हक्काचं.

बेरजेत पण त्याचं काही अडलं नाही. थ्री-पॉइंटरचा रे ॲलनचा २,९७३ चा रेकॉर्ड त्याने १४ डिसेंबर २०२१ ला न्यूयॉर्कला मोडला, ॲलनला १,३०० मॅच लागल्या होत्या, करीला ७८९. वेगच एवढा होता की गेलेला सिझन कुठे लपला ते कळतसुद्धा नाही.

आता इंजिन बसलेल्यांकडे येऊ. जर्मेन ओनील, हा पण १९९६ च्याच ड्राफ्टचा, सतराव्या नंबरचा, कोबीसारखाच शाळेतून थेट. पोर्टलंडने घेतला आणि चार वर्षं बाकावर बसवला. पुढे मोठमोठे खेळाडू, ह्याला मिनिटंच नाहीत. २००० ला इंडियानाला गेला आणि दोन वर्षांत ऑल-स्टार, तो पण लागोपाठ सहा वेळा, २००४ ला एमव्हीपीच्या मतदानात तिसरा. काय खेळायचा तो! पण मग दुखापती सुरू झाल्या आणि तिशीच्या आतच बहर संपला. सुरुवातीची चार वर्षं गेली आणि शेवटची पण गेली, मधली सहा-सात उरली. कोबी आणि जर्मेन एकाच ड्राफ्टचे, एकाच वयाचे, दोघं बाकावर बसलेले, पण आज भाच्याच्या ग्रुपमधल्या एकालाही जर्मेनचं नाव माहीत नव्हतं. पोर्टलंडने ती चार वर्षं दिली असती तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

डेरिक रोजचं उलटं. २०११ ला बावीसाव्या वर्षी एमव्हीपी, सगळ्यात कमी वयाचा, आणि २०१२ च्या प्लेऑफमध्ये गुडघ्याची लिगामेंट तुटली. धडाक्यात सुरुवात आणि पुढे तो खेळाडू परत दिसलाच नाही. लोकांना रोजबद्दल हळहळ वाटते, जर्मेनबद्दल वाटत नाही, कारण रोजचा बहर सुरुवातीलाच सगळ्यांनी बघितला होता आणि जर्मेनचं जे गेलं ते कोणी बघितलंच नव्हतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

उशिरा नाव झालेल्यांच्या बाबतीत अजून एक गोष्ट होते, याद्या त्यांच्या आधीच लिहून होतात. निकोला योकिच २०१४ ला एक्केचाळीसाव्या नंबरवर निवडला गेला, टीव्हीवर तेव्हा जाहिरात चालू होती. एमव्हीपी झाला २०२१ ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनबीएने ७५ वर्षांतल्या ग्रेट खेळाडूंची यादी काढली, त्यात ७६ नावं (शेवटच्या जागेला मतं सारखी पडली म्हणून एक जास्त), आणि योकिच नाही. पुढे त्याने २०२२ आणि २०२४ चा एमव्हीपी आणि २०२३ चं टायटल घेतलं. आज ती यादी कोणी काढली तर त्याच्याशिवाय निघेल का?

ह्या सगळ्यात लोक जॉर्डनचं नाव पण घेतात, की त्याला पण पहिलं टायटल सातव्या सिझनला मिळालं, १९९१ ला. ते स्लो सुरुवातीत धरू नका. जॉर्डन स्वतः पहिल्या वर्षापासून २८.२ च्या सरासरीने खेळत होता, स्लो होती ती शिकागोची टीम. पहिल्या तीन वर्षांत प्लेऑफच्या १० मॅचपैकी ते एकच जिंकले. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, वादात मिसळल्या जातात.

उशिरा सुरू करणं आणि हळू सुरू होणं ह्यात पण फरक आहे, आणि कोकणातल्या पोरांसाठी मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हकीम ओलाजुवान नायजेरियातल्या लागोसचा, पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल खेळलाच नव्हता, १९८४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, १९९४ आणि १९९५ ला टायटल. टिम डंकन तर समुद्राकाठचाच, कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा, आणि तो पोहायचा. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो वादळ आलं आणि तिथला पूल उद्ध्वस्त झाला. समुद्रात सराव करायची त्याला भीती वाटायची, शार्कमुळे, म्हणून पोहणं सुटलं आणि तो नववीत बास्केटबॉलकडे वळला. १९९७ ला एनबीएत आला तो पहिल्या नंबरवर, कॉलेजची चार वर्षं करून, आणि पाच टायटल. निसर्ग आणि तौक्ते वादळांमध्ये इकडच्या शाळांचे पत्रे उडालेले ज्यांनी बघितलेत त्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

आमच्याकडे पण पोरं उशिराच बॉल हातात घेतात. आठवी-नववीत उंची वाढली की कोणीतरी सर बोलावतात. शालेय स्पर्धांत वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे, म्हणजे पंधराव्या वर्षी सुरू केलेला पोरगा सतराखालच्या गटात थेट अशा पोरांसमोर उभा राहतो जी नवव्या-दहाव्या वर्षापासून शहरात इनडोअर कोर्टवर खेळतायत. आमचं कोर्ट उघड्यावर, जून ते सप्टेंबर बंदच, नंतर पण कडेची जांभ्याची लाल माती बॉलला लागते आणि बॉल हातातून निसटतो. साहजिकच पहिल्या दोन स्पर्धांत मार खातात, आणि मग घरून सुरू होतं, "पुरे झाला आता, बारावी आसा, सीईटी आसा, बॉल ठेव." आईबापांना मी दोष देत नाही, त्यांना पोराच्या पोटाची काळजी आहे. पण ज्या वयात कोबी बाकावर बसून शिकत होता त्या वयात आमची पोरं खेळ सोडून एक-दोन वर्षं झालेली असतात, मग त्यांच्यातला कोण हळू होता आणि कोणात खरंच दम नव्हता हे कधी कळायचं?

भाचा ह्या वर्षी अकरावीला आहे. सतराखालच्या जिल्हा स्पर्धेत त्याला दोन मॅच मिळून आठेक मिनिटं मिळाली, सरांचं म्हणणं डावा हात अजून चालत नाही. म्हणून सध्या पडवीत रोज संध्याकाळी डाव्या हाताने ड्रिबल चालू असतं, आजी ओरडते, आणि पुढच्या वर्षी एकोणीसखालच्या गटात खेळायचंच असं त्याचं ठरलंय. त्याच्या आईशी बारावीचं बोलणं मी करून घेतलंय, क्लास सकाळी, कोर्ट संध्याकाळी.